शेवटच्या गावाची पालेभाजी

दुपारी जेवून आडवा झालो की माझी गाडी सुरू होते. गाडी विकून दोन वर्षं झाली, तरी होते. डोळा लागतो न लागतो तोच पायाखाली क्लच येतो, उजव्या हाताला पातूरचा डोंगर सरकू लागतो आणि पाठीमागून सांबाराच्या ओल्या जुड्यांचा वास येतो. (पुण्याकडच्या वाचकांनी घाबरू नये. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) रस्ता संपत नाही. दोन्ही बाजूंना हिरवंगार, वारा आला की सगळं एकदम एका अंगावर कलतं. मी कुठल्या तरी गावात पोहोचणार असतो, पण पोहोचत नाही. मग बायको खांदा हलवते. "अवो, झोपीत वांग्याचा भाव सांगून राहिले तुमी."

पंधरा वर्षं मी भाजीवाला होतो. बी.ए. भाजीवाला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अकोल्याला राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवली, अमरावतीला खोली करून चार वर्षं परीक्षा दिल्या, आणि पाचव्या वर्षी वय निघून गेलं. मग जुनी मालवाहू रिक्षा घेतली. तिच्या मागच्या फळीवर पेंटरकडून लिहून घेतलं, 'देवानंद, बी.ए., ताजी भाजी.' पेंटर ब्रश हातात धरून थांबला. म्हणाला, "भाऊ, पालकाले डिग्री कायले लागते?" मी म्हटलं, "पालकाले नाही लागत, मले लागते. लिह्य."

धंदा असा. पहाटे अकोल्याच्या मार्केटात हर्रास लागतो, म्हणजे बोली. तिथे ढिगातला वरचा माल बघायचा नसतो, खाली हात घालून बघायचा असतो. ऊन वर यायच्या आत पातूर ओलांडायचं आणि सहा गावं करायची. भाजी उचलल्यापासून मरायला लागते, आणि सगळ्या भाज्या एका वेगाने मरत नाहीत. आधी सांबार मान टाकतो, मग पालक, मग मेथी. वांगं दुपारपर्यंत तग धरतं. आलू-कांद्याला काही होत नाही. म्हणून पालेभाजी पहिल्या दोन गावांत संपवायची, फळभाजी मधल्या गावांत, आणि शेवटच्या गावाला जे मरत नाही ते. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण माझ्याआधी त्या रस्त्यावर फिरलेला प्रत्येक भाजीवाला तो पाळायचा. मीही पाळला.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, खेड्यात जाऊन भाजी विकणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पाणी विकणं. घ्यायचं कोण? पण गाडी उभी केली की बाया धावत यायच्या. पावसाळ्यात तर नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन. त्या हिरव्यातून गाडी चालवताना मला गुंगी यायची, खरंच सांगतो, समुद्र मी पाहिलेला नाही, पण तो असाच असावा. आणि त्या एवढ्या हिरव्यात संध्याकाळच्या भाकरीसोबत लावायला काही नव्हतं. सोयाबीन शेतातून सरळ अडतीवर जातं. पूर्वी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासांत, म्हणजे ओळींत, बरबटी असायची, अंबाडी असायची, बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, कोहळ्याचा वेल पसरलेला असायचा. निंदायला गेलेली बाई येताना ओच्यात चिवळ, तरोटा खुडून आणायची. मग तणनाशक आलं. निंदण वाचलं, आणि तणाबरोबर भाजीही गेली, कारण फवाऱ्याला तण कोणतं अन् भाजी कोणती हे कळत नाही. कंट्रोलाच्या (रेशनच्या) दुकानात गहू-तांदूळ मिळतो, मेथी मिळत नाही. गावातल्या किराणा दुकानात पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. बाजार आठवड्यातून एकदा, आणि तो दिवस मजुरीवर जाणाऱ्या बाईचा नसतोच.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एक वीस एकरवाले पाटील होते. ते स्वतः कधी गाडीपाशी आले नाहीत. त्यांचा गडी खताची रिकामी पिशवी घेऊन यायचा, मी त्यात वांगे, गवार भरायचो, वरून तो पिशवीचं तोंड शिवल्यासारखं बांधायचा आणि खांद्यावर टाकून चालू लागायचा. पाहणाऱ्याला वाटावं, पाटलाच्या घरी खत चाललं. वीस एकर असून भाजी विकत घेतो, हे लोकांना दिसू नये. एक म्हातारे बाबा रोज यायचे, सांबाराची जुडी उचलून हुंगायचे, ठेवून द्यायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, घेऊन जा ना." तर म्हणाले, "घरी वरण-पोळीच हाये रे बाप्पा. वास घेतला म्हणजे जेवतानी ध्यानात राह्यते." पुढे त्यांच्यासाठी मी जुडी हुंगण्याजोगी ओली ठेवायचो. त्याला धंदा म्हणत नाहीत, पण ठेवायचो.

आता सावरडोहचं सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

सावरडोह माझं सहावं गाव. डोंगराच्या पोटात, रस्ता तिथेच संपतो. मी पोहोचेस्तोवर दुपार टळायची आणि गाडीत आलू, कांदे, फार तर दोन कोहळे उरायचे. तिथल्या बायांनी माझं नाव आलूवाला ठेवलं होतं. "आला वं आलूवाला! बी.ए.त आलूच शिकवते का भाऊ?" मी हसायचो.

त्या गावात कौसल्याबाई होत्या. सगळं गाव त्यांना मोठीमाय म्हणे. साठीच्या पुढच्या, काटक, बोलणं कोयत्यासारखं. नऊ एकर जमीन, घरात मुलगा आणि सून वर्षा. एका आषाढात मोठीमाय एकटीच गाडीपाशी आली. दुसऱ्या बाया गेल्यावर म्हणाली, "देवानंद, तुह्या गाडीत पालक कवा राह्यते?"

"पहिल्या गावापर्यंत राह्यते, मोठीमाय."

"मंग तू उलटा येत जा."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी अथी ये, मंग खाली जा. वर्षाले पाचवा मयना हाये. नर्सबाई म्हणते अंगात रक्त नाही, हिरवी भाजी खाऊ घाला, नाई तं बायतपणात जीवावर बेतते. मागचं लेकरू असंच गेलं तिचं. रक्ताच्या गोया देते थे, पन पोरीच्या पोटात गोई टिकत नाही. आता मी हिरवी भाजी कुठून आनू? सोयाबीन घालू का तिले खाऊ?"

मागचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. वर्षा दारात उभी होती. बावीस-तेवीसची, ओठ पांढरे, भिंतीला टेकून. ती माझ्याकडे नाही, गाडीतल्या आलूंकडे बघत होती.

रस्ता उलटा करणं सोपं नव्हतं. पहिल्या गावाची बांधलेली गिऱ्हाइकं तुटणार. पण मी दर गुरुवारी उलटा जायचं ठरवलं. पहाटे निघून, खालची पाच गावं न थांबता ओलांडून, सरळ सावरडोह. खालच्या गावातल्या बाया रस्त्यावर उभ्या राहून ओरडायच्या, "अवो बी.ए., पेट्रोल फुकट हाये काय?" ते गुरुवार अजून डोळ्यांपुढे आहेत. डोंगरावर धुकं असायचं, धुक्यात शिरलं की आवाज बंद व्हायचा, आणि बाहेर निघालो की सावरडोहची कौलं दिसायची, त्यांच्यातून धूर निघत असायचा. गाडीतला पालक अजून अकोल्याच्या पाण्याने ओला. मोठीमाय ओट्यावर वाट पाहत असायची. पालक, मेथी, शेपू, चुका. श्रावण संपता संपता वर्षा स्वतः गाडीपर्यंत चालत येऊ लागली. नर्सबाई म्हणाली, रक्त चढतंय, पण अजून पुरं नाही, सोडू नका. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हाही झाला नव्हता एवढा आनंद मला झाला.

आणि मग मी चूक केली.

भादव्यातला गुरुवार. मोठीमायनं घरामागच्या वावरातल्या चार तासांवर मुलाला फवारा मारू दिला नव्हता, भांडून. त्या चार तासांत तिनं अंबाडी लावली होती. त्या दिवशी तिनं अंबाडीची एक मोठी जुडी माझ्यापुढे धरली. कोवळी, देठ लाल, अंबाडीच्याच सालीनं बांधलेली. म्हणाली, "घे. पहिली तोड हाये."

मी म्हटलं, "मोठीमाय, अशी नको. भाव सांगा."

"घे म्हणते ना."

मी घेतली. पण मला ते पटलं नाही. मग निघताना तिच्या ओट्यावर दोन किलो आलू ठेवले. ती आत होती. आलू ठेवले म्हणजे फिटलं, असा माझा हिशेब. आणि जुडी गाडीत मालासोबत ठेवली. माल तो माल. खालच्या गावात एका बाईनं ती उचलली. रेखाताई तिचं नाव, माझं जुनं गिऱ्हाईक. जुडीची गाठ बघत तिनं विचारलं, "अंबाडी कुठची हो?"

मी ऐटीत सांगितलं, "सावरडोहची. आज सकाळची तोड."

तिनं जुडी घेतली, पैसे दिले, गेली. रेखाताई मोठीमायची लेक होती. हे मला माहीत नव्हतं. सालीची ती गाठ तिच्या मायच्या हातची होती, आणि ती तिनं लहानपणापासून पाहिली होती. घरी जाऊन तिनं फोन लावला असणार. काय बोलली असेल, त्याचा अंदाज मला पुढच्या गुरुवारी आला.

पुढच्या गुरुवारी सावरडोहात गाडीपाशी कुणीही आलं नाही. गाडीवरचा भोंगा लावला, त्यातला माझाच आवाज गल्लीतून फिरून परत आला. दारं उघडी, चुली पेटलेल्या, बाया आत-बाहेर करताहेत आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. स्वप्नात कधी कधी असं होतं, आपण बोलतो आणि कुणाला ऐकू येत नाही. मोठीमायच्या ओट्यावर माझे दोन किलो आलू तसेच ठेवलेले, एकाला मोड आलेले. मी पालकाच्या दोन जुड्या घेऊन दाराशी गेलो. वर्षा समोर आली. हात पुढे आला होता तिचा, मी पाहिलं. आतून आवाज आला, "वर्षा, आत ये." हात मागे गेला.

मी म्हटलं, "मोठीमाय, काय झालं? पैसे नका देऊ, पोरीसाठी घ्या."

"फुकटचं आमी खात नसतो. आन् इकत घ्याची आता लाज वाट्ते. गावात म्हणून राहिले, कौसल्याबाईच्या घरी भाजी इकाची वेळ आली. आलू घेऊन जाय तुहे."

तीन गुरुवार असे गेले. आठवा महिना लागला होता. माझ्या गाडीत हिरवी भाजी, दहा पावलांवर ती पोर, आणि मधे असं काही उभं होतं की मला त्याचं नावही माहीत नव्हतं. राज्यशास्त्रात ते नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. शीला पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. तिच्या माहेरी तीन एकर जमीन आहे, आमच्याकडे कधी गुंठाभरही नव्हती.

"तुमी वानोळा इकला?"

"कायचा वानोळा? जुडी होती अंबाडीची."

"अवो, वावरातली पहिली तोड कोनी देते तं थो वानोळा. थो घरच्याले देतेत, सोयऱ्याले देतेत. इकत नाही, अन् त्याचा मोबदला त्याच वक्ती देत नाही. आलू ठेवले वरून! म्हणजे तिनं तुमाले घरचं मानलं अन् तुमी तिले गिऱ्हाईक मानलं."

मला वानोळा माहीत का नव्हता, ते सांगतो. लहानपणी गावात वानोळे फिरायचे, मी पाहिले होते. भुईमुगाच्या शेंगा, हिरवा हरभरा, पहिलं वाळूक, सुपावर फडकं टाकून या घरून त्या घरी जायचं. पण ती सुपं आमच्या बौद्धपुऱ्याच्या अलीकडूनच वळायची. आमच्याकडे जे यायचं ते मजुरी म्हणून, नाही तर उरलं म्हणून. माय म्हणायची, कामाशिवाय कोनी देलं तं घेऊ नको, देणाऱ्याची मान वर होते अन् आपली खाली. ते मी तिच्याकडून शिकलो आणि कॉलेजात अजून पक्कं केलं. म्हणून मोठीमायनं जुडी पुढे केली तेव्हा मी माझी मान सांभाळली. तिनं काय पुढे केलं होतं, ते पाहिलंच नाही. एवढं सगळं मी शीलाला बोललो नाही. ती म्हणाली, "माफी मांगून काई होनार नाही. वानोळ्याले वानोळाच लागते."

"आपल्यापाशी कुठलं वावर?"

तिनं पोळपाट बाजूला केला आणि मला घरामागे नेलं. मोरीचं पाणी जातं तिथे तिनं दोडक्याचं बी टोचलं होतं. वेल कुंपणाच्या काट्यांवर चढला होता. मी इतकी वर्षं भाजीत, आणि माझ्या घरामागचा वेल मी पाहिला नव्हता. दोन दोडके लागले होते, बोटाएवढे.

"गुरुवारपर्यंत भरतेत," शीला म्हणाली. "हात लावू नका."

त्या आठवड्यात मी रोज सकाळी तो वेल बघायला जायचो. हजारो किलो दोडके विकलेला माणूस दोन दोडक्यांकडे असा बघतो, याचं मला हसू यायचं. गुरुवारी ते तोडले. फडक्यात गुंडाळले. भोंगा न लावता सावरडोहात शिरलो, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि चालत गेलो. मोठीमाय ओट्यावर शेंगा सोलत होती. मी फडकं पुढे धरलं.

"माह्या घरच्या वेलाचे हायेत. पहिलेच."

तिनं लगेच हात पुढे केला नाही. फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाजारातले तं नाईत?"

"मोरीच्या पान्यावरचे हायेत. शीलानं लावले."

तिनं दोडका उचलला. नखानं शेंडा तोडला, जिभेवर ठेवला, चावला. दोडका कधी कधी कडू निघतो, म्हणून आमच्याकडे असा चाखतात. मी स्वतः तो चाखला नव्हता. वानोळ्याचा दोडका कडू निघाला असता तर पुढे काय, याचा विचारच केला नव्हता.

"पानी कमी पडलं याले," ती म्हणाली. मग आत वळून, "वर्षा, गाडीपाशी जाय अन् पालक घेऊन ये. पैसे याले दे. आन् याच्यासाठी ताट वाढ."

मी त्या घरात जेवलो. अंबाडीची भाजी, त्यात ज्वारीच्या कण्या, वरून लसणाचं तेल. ती चव मी इथे लिहू शकत नाही. माझी माय असती तर तिला ताट दाखवलं असतं. आम्ही जेवत असताना वर्षा पालक निवडत बसली होती, बाहेर बायांचा कलकलाट सुरू झाला होता, आणि मोठीमाय मला म्हणाली, "इतका शिकला, अन् एवढं नाही समजलं तुले?" मी म्हटलं, "शिकलो म्हणूनच नाही समजलं, मोठीमाय." खरं कारण मी त्या दिवशीही सांगितलं नाही. तिला ते माहीत असावं, असं मला आता वाटतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी वर्षाला अकोल्याला नेलं. मुलगी झाली. दोघी नीट. नर्सबाईनं मला रस्त्यात थांबवून सांगितलं, आणि मी त्या दिवशी पुढच्या गावाला सगळ्यांना सांबार फुकट वाटला. नंतर पस्तावलो, पण वाटला.

पुढची गोष्ट धंद्याच्या दृष्टीनं वाईट आहे. मोठीमायच्या चार तासांकडे बघून शेजारणीनं दोन तास राखले. मग तिच्या जावेनं. नवऱ्यांशी भांडून, फवाऱ्यापुढे उभं राहून. वर्षानं तर धुऱ्यावर कोहळ्याचा वेल चढवला. चार-पाच वर्षांत सावरडोहात माझी पालेभाजी कुणी घेईना. कांदे तेवढे खपायचे. बाकीच्या पाच गावांत काही बदललं नाही, तिथे आजही सोयाबीन धुऱ्याला भिडलेलं आहे आणि आता तिथे भाजीची गाडीही जात नाही. मी जात होतो तोवर जात होती. याची टोचणी मला आहे. माझ्यामागे कुणी आलं नाही, आणि मीही कुणाला तयार केलं नाही.

गाडी विकायच्या आधी शेवटच्या गुरुवारी सावरडोहला गेलो. सांगायला गेलो होतो, विकायला नाही. बायांनी ऐकलं, "बरं झालं, आलूवाला गेला एकदाचा," म्हणाल्या, आणि घरात शिरल्या. मला वाटलं, संपलं. मग एकेक बाहेर आली. कुणाच्या ओच्यात बरबटी, कुणाकडे चवळाई, वाल, मिरच्या. वर्षानं मोठं कोहळं आणलं, पोर घ्यावं तसं कडेवर घेऊन. सगळ्यांनी गाडीत ठेवलं. मी भाव विचारला नाही.

परतताना खालच्या पाच गावांत मी थांबलो नाही. गाडी भरलेली आणि त्यातलं काहीही विकता येणारं नाही, असा माझा एकच दिवस. धुरकट ऊन होतं, दोन्हीकडे हिरवं डुलत होतं, आणि मला वाटत होतं आपण हळूहळू तरंगत खाली येतो आहोत.

पातूरला बौद्धपुऱ्यात विहारासमोर गाडी लावली आणि शीलाला हाक मारली. अकरा घरं बाहेर आली. शेजारच्या कमलामावशीनं कोहळ्यावरून हात फिरवला. कोहळ्याला पहिला घाव बाई घालत नाही, आमच्याकडे तशी रीत आहे, म्हणून तिनं विळा माझ्या हातात दिला. मी घाव घातला. मग तिनं कोहळं आपल्याकडे ओढून नजरेच्या अंदाजानं अकरा फोडी केल्या.

"कोनं देलं एवढं?" तिनं विचारलं.

"सावरडोहच्या लोकांनी."

"कायच्या बदल्यात?"

"कायच्याच नाही. वानोळा हाये, मावशी."

तिनं फोड हातात तोलली, पदराखाली घेतली, परत बाहेर काढली. "आपल्याले?" ती म्हणाली.

"आपल्याले," मी म्हटलं.